एआयला काम सांगायचं कसं? (भागाचा लिखित मजकूर)

  

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेले काही दिवस एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येतेय. "दादा, चॅटजीपीटी वापरतो, पण उत्तर एकदम गुळमुळीत येतं." "जेमिनीला अर्ज लिहायला सांगितला, तर शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वाचल्यासारखं वाटलं." आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न: "इन्स्टावर ४९९ रुपयांना एक हजार प्रॉम्प्टची पीडीएफ विकतात, घेऊ का?"

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो. नका घेऊ. त्या पैशांत दोन मिसळी खा आणि उरलेले ठेवा. कारण त्या हजार प्रॉम्प्टमध्ये तुमचं काम नसतं. तुमचा घरमालक, तुमचं गाव, तुमच्या कॉलेजच्या फीची पावती, यातलं काहीच त्या पीडीएफ बनवणाऱ्याला माहीत नाही. आणि नेमकं तेच एआयलाही माहीत नाही. आजचा सगळा भाग या एकाच मुद्द्याभोवती आहे.

आत काय चालतं, दोन मिनिटांत

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं. त्यानंतर जेमिनी, क्लॉड, कोपायलट, बरेच आले. नावं वेगळी, पण मुळात सगळी लँग्वेज मॉडेल्स. म्हणजे प्रचंड मजकूर वाचून त्यांनी एक गोष्ट शिकलेली असते: समोर एवढा मजकूर आहे, तर यापुढे काय येण्याची शक्यता जास्त? ते मजकुराचा एक छोटा तुकडा लिहितात, मग पुढचा, मग त्यापुढचा. या तुकड्याला टोकन म्हणतात. वरून त्यांना माणसांच्या पसंती-नापसंतीवर आणखी शिकवलेलं असतं, म्हणून ते प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं बोलतात.

आता यातून आपल्या कामाचं काय निघतं? तुम्ही जे टाइप केलंय, तेच त्याच्यापुढे आहे. काही ॲप तुमच्याबद्दल थोडंफार लक्षात ठेवतात, पण तुमच्या कपाटातला करारनामा त्यांनी पाहिलेला नाही. तुम्ही जे सांगितलं नाही ती जागा रिकामी राहत नाही. तिथे ते "अशा ठिकाणी बहुतेक लोक काय लिहितात" ते भरतं. म्हणून उत्तर गुळमुळीत येतं. बहुतेकांचं मिळून जे होतं ते कुणाचंच नसतं. तयार कपड्यांच्या दुकानातला फ्री साइज कुर्ता आठवा. सगळ्यांना होतो, कुणाला बसत नाही.

मग मापं द्यायची. कशी, ते एका खऱ्या उदाहरणावर बघू.

साठ हजारांचं डिपॉझिट

माझा एक मित्र पुण्यात भाड्याने राहायचा. फ्लॅट सोडला, दोन महिने झाले, डिपॉझिट परत नाही. साठ हजार रुपये. ज्याचा पगार पस्तीस हजार आहे आणि नव्या घराचं डिपॉझिट मित्रांकडून उसनं घेतलंय, त्याच्यासाठी ही छोटी रक्कम नाही. त्याने एआयला काय लिहिलं?

> घरमालक डिपॉझिट देत नाही, लेटर लिही.

उत्तर काय आलं असेल, तुम्ही सांगू शकता. "आदरणीय महोदय/महोदया, मी आपणास नम्रपणे कळवू इच्छितो की..." मग चौकोनी कंसात तुमचे नाव, पत्ता, दिनांक. शेवटी "अन्यथा मला कायदेशीर कारवाई करणे भाग पडेल." व्याकरण बरोबर. उपयोग शून्य. उलट तोटाच, कारण मालक म्हणजे साठीपुढचे निवृत्त गृहस्थ, ज्यांना हा अकरा महिने "काका" म्हणत होता, आणि ज्यांच्या घरून गणपतीत मोदक यायचे. त्यांना एकदम कायदेशीर कारवाई? काका दुसऱ्या मिनिटाला ब्लॉक करतील.

मग आम्ही बसलो आणि मी त्याला फक्त प्रश्न विचारले. लिहिणारा कोण? कुणाला? आत्तापर्यंत काय झालंय? तुला नक्की काय हवंय? काय नकोय? आणि हे जाणार कशातून, पत्र, ईमेल की व्हॉट्सॲप? त्याने दिलेली उत्तरं होती तशी टाइप केली:

> मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये ११ महिने राहिलो. ३१ मे रोजी फ्लॅट सोडला. त्याआधी ३० एप्रिलला व्हॉट्सॲपवर एक महिन्याची नोटीस दिली होती, मालकांनी 'ओके' लिहिलं होतं. डिपॉझिट ६०,००० रुपये. मालक म्हणतात रंगकामाचे २५,००० कापणार. उरलेलेही अजून दिलेले नाहीत. करारनाम्यातलं डिपॉझिटचं कलम खाली जसंच्या तसं देतोय.
>
> मालक साठीपुढचे आहेत, मी त्यांना काका म्हणतो, संबंध चांगले आहेत आणि तसेच ठेवायचे आहेत.
>
> मला व्हॉट्सॲपवर पाठवायला मेसेज हवाय, पत्र नको. मराठीत, जास्तीत जास्त दहा ओळी. सूर आदराचा, पण तारखा आणि आकडे स्पष्ट. दोनच गोष्टी मागायच्या: रंगकामाचं बिल, आणि पैसे कधी देणार ती तारीख. कोर्ट, पोलीस, वकील हे शब्द नकोत.
>
> लिहिण्याआधी काही माहिती कमी पडत असेल तर मला विचार.

यातली शेवटची ओळ नीट बघा. तिने सगळ्यात जास्त काम केलं. एआयने लगेच मेसेज लिहिला नाही, उलट विचारलं: करारात "नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून इतर नुकसान" असं लिहिलंय, मग राहायला जाताना भिंतींची अवस्था कशी होती, फोटो आहेत का? मित्र गॅलरीत मागे मागे गेला. पहिल्या दिवशी आईला दाखवायला काढलेले फोटो सापडले. हॉलच्या भिंतीवर ओल आधीपासूनच होती.

दहा ओळींचा मेसेज गेला, सोबत दोन फोटो. चार दिवसांनी काकांनी बिल पाठवलं, एका खोलीच्या रंगाचं, नऊ हजारांचं. बाकीचे एक्कावन्न हजार दोन हप्त्यांत आले. हे एआयने जिंकून दिलं असं मी म्हणणार नाही. काकांनाही बहुतेक भांडण नकोच होतं. पण पहिलं पत्र गेलं असतं तर फोटोंचा विषयच निघाला नसता.

मला या गोष्टीत जास्त महत्त्वाचं हे वाटतं: त्या प्रॉम्प्टमध्ये एकही जादूचा शब्द नाही. "तू जगातला सर्वोत्तम वकील आहेस" नाही, "नीट उत्तर दिलंस तर बक्षीस देईन" नाही. गावाकडच्या एखाद्या हुशार मामाला फोनवर सगळं समजावून सांगितलं असतं, तसंच आहे. मामा हुशार आहे, पण त्याला पुण्यातली गोष्ट माहीत नाही, एवढं धरून चाला.

परवा म्हणजे कधी?

आता खास आपल्या मराठीची गंमत. बरेच जण विचारतात, प्रॉम्प्ट इंग्रजीतच लिहायला हवा का? नाही. तुमचं इंग्रजी कच्चं असेल आणि ओढूनताणून तीन ओळी लिहिणार असाल, तर त्यापेक्षा सविस्तर मराठीतल्या दहा ओळी चांगल्या. फक्त मराठीतले काही शब्द माणसालाही कोड्यात टाकतात, तिथे जरा जपून.

पहिला शब्द "परवा". परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस की उद्याच्या नंतरचा? "परवाच्या मीटिंगचा मेसेज बनव." झाली की नाही गडबड? बोलताना आपण क्रियापदावरून ओळखतो. इथे क्रियापदच नाही. तेव्हा तारीख लिहा. "१४ तारखेला झालेली मीटिंग."

दुसरा शब्द "आपण". आपण म्हणजे तुम्ही आणि मी मिळून, की आदराने फक्त तुम्ही? "खर्च आपण करायचं ठरलं होतं." हे वाक्य घेऊन कोर्टात दोन्ही पक्ष आपलीच बाजू मांडू शकतील. तिसरा, "त्यांनी". त्यांनी म्हणजे बाई, बुवा की चारपाच जण, काहीच कळत नाही. मजकुरात तीन माणसं असतील तर प्रत्येक वेळी "सरांनी", "मॅडमनी", "क्लार्कने" असं लिहा. वाचायला कंटाळवाणं वाटेल, वाटू दे. ती सूचना आहे, ललित लेख नाही.

आणि सूर सांगायला विसरू नका. नुसतं "मराठीत लिही" म्हटलं की बऱ्याचदा भाषांतर केल्यासारखं मराठी येतं. इंग्रजी वाक्याला मराठी कपडे घातलेले. त्यावर उपाय पुढच्या मुद्द्यात आहे.

विशेषण नको, नमुना द्या

आपली सवय काय? "आकर्षक लिही", "प्रोफेशनल लिही", "जरा भारी कर." आता आकर्षक म्हणजे काय? तुमच्या मते वेगळं, माझ्या मते वेगळं. एआयच्या मते बहुतेक वेळा चार इमोजी आणि "चवीचा अविस्मरणीय प्रवास".

समजा तुमची मावशी घरून फराळ विकते आणि तुम्ही तिला रोज व्हॉट्सॲप स्टेटस लिहून देता. तर मावशीने आधी स्वतः टाकलेले, लोकांना आवडलेले दोन स्टेटस उचला आणि असं लिहा:

> खाली दोन नमुने आहेत. याच पद्धतीने चिवड्याचं स्टेटस लिही.
>
> नमुना १: आज भाजणीची चकली. सकाळीच तळलीय. अर्धा किलो १८०. आठपर्यंत सांगा.
>
> नमुना २: बेसन लाडू उद्या वळणार. साजूक तूप घरचं. २० च शिल्लक.
>
> चिवड्याची माहिती: पातळ पोहे, खोबऱ्याचे काप, लसूण नाही. पाव किलो १००. शनिवारी तयार.

बघा, कुठेही "छोटी वाक्यं वापर, इमोजी नको" असं सांगितलं नाही. नमुन्यात ते सगळं आहे. हे आजचं नाही. २०२० साली ओपनएआयने जीपीटी-३ बद्दल जो शोधनिबंध काढला, त्याचा मुख्य विषयच हा होता, की मॉडेलला मोजकी उदाहरणं समोर दिली की ते नवीन काम त्या धाटणीने करतं, त्यासाठी नव्याने शिकवावं लागत नाही. आपल्याला तो निबंध वाचायची गरज नाही, मावशीचे दोन स्टेटस पुरेत.

एक इशारा. दोन्ही नमुने एकसारखे दिलेत तर मॉडेल तेच गिरवतं. दोन्हीत "आज" असेल तर तिसऱ्यातही "आज" येईल. म्हणून नमुने जरा वेगवेगळे घ्या.

ज्या दारात कागद जाणार, तिथला नियम सांगा

आता जरा गंभीर उदाहरण. एका श्रोत्याने विचारलं होतं: गावचा रस्ता सहा महिन्यांत उखडला, माहिती अधिकाराचा अर्ज एआयकडून लिहून घेतला, पण ऑफिसने "ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" म्हणून परत पाठवला.

अर्ज दीड पानी होता. भाषा जोरदार होती. "रस्त्याच्या निकृष्ट दर्जास जबाबदार कोण? त्यांच्यावर कारवाई का केली नाही?" वाचायला बरं वाटतं. पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यात "माहिती" म्हणजे कार्यालयाकडे असलेली माहिती: कागद, नोंदी, आदेश, अहवाल. "का" आणि "जबाबदार कोण" याचं उत्तर नव्याने तयार करून देणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम नाही. दुसरं म्हणजे, महाराष्ट्राने २०१२ साली नियमात बदल केलाय: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. म्हणजे अर्ज एआयने "चांगला" लिहिला, पण ज्या टेबलावर तो जाणार होता तिथला नियम त्याला कुणी सांगितला नाही.

आता हेच नीट सांगून बघू:

> माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी अर्जाचा मजकूर लिही. विषय एकच: अमुक गाव ते अमुक फाटा रस्त्याचं २०२४ मधलं डांबरीकरण. फक्त कागदांच्या प्रती मागायच्या: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अंतिम देयक, आणि दोषदायित्व कालावधी किती ते दाखवणारा कागद. 'का', 'कोण जबाबदार' असे प्रश्न नकोत, आरोप नकोत. १५० शब्दांच्या आत.

या अर्जात राग दिसत नाही. पण दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत, ती अजून संपलेली नसेल तर रस्ता त्याच्याच खर्चाने पुन्हा करून घेता येतो. तो एक कागद हातात असणं हे दीड पानी संतापापेक्षा भारी आहे.

यात एआय काय करू शकत नाही तेही ऐका. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे त्याला तुमच्या गावात येऊन कळणार नाही. रस्त्याकडेला कामाचा फलक असतो, तो वाचा. शब्द स्वतः मोजा. मॉडेल टोकनमध्ये काम करतं, त्यामुळे "१५० शब्द" म्हटलं तरी १८० होऊ शकतात. मग १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या आणि कॅलेंडरवर तीस दिवस मोजा.

हीच गोष्ट बाकी कामांनाही लागू आहे. नोकरीचा अर्ज असेल तर जाहिरातीतल्या अटी जशाच्या तशा पेस्ट करा. कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट असेल तर विद्यापीठाचा नमुना द्या. बँकेला तक्रार असेल तर व्यवहाराची तारीख, रक्कम आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक द्या.

न्यूयॉर्कचे वकील आणि नसलेले खटले

आता सगळ्यात धोक्याचा भाग. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एविआंका या विमान कंपनीविरुद्ध एक दावा चालू होता. दावा करणाऱ्याच्या वकिलांनी जुन्या निकालांचे दाखले दिले. समोरच्या बाजूने शोधलं तर ते निकाल सापडेनात, कारण ते अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने रचले होते. त्याहून गंमत म्हणजे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, "हा खटला खरा आहे का?" आणि त्याने हो म्हटलं होतं. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला.

आपण मघाशी काय म्हटलं? सांगितलं नाही ती जागा ते "असं काहीतरी असेल" याने भरतं. पत्राचा सूर असेल तर चालून जातं. तारीख, कलम, आकडा, नाव असेल तर माणूस गोत्यात येतो. आणि त्यालाच "खरं आहे ना?" विचारणं म्हणजे फूट पडलेल्या पट्टीने तीच पट्टी मोजणं.

म्हणून नियम: माहिती आठवायला सांगू नका, माहिती हातात द्या. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख एआयला विचारू नका. त्या योजनेचा शासन निर्णय किंवा परिपत्रक उघडा, मजकूर पेस्ट करा आणि लिहा:

> खालच्या मजकुरातूनच उत्तर दे. मी एसईबीसी प्रवर्गातला, द्वितीय वर्ष डिप्लोमाचा विद्यार्थी आहे. मला लागू होणाऱ्या अटी आणि लागणारे कागद यांची यादी कर. प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ वाक्य जसंच्या तसं दे. मजकुरात नसलेल्या गोष्टीबद्दल 'यात नाही' असं लिही.

"यात नाही" म्हणायची परवानगी देणं फार महत्त्वाचं. नाहीतर ते काहीतरी उत्तर द्यायचंच असं धरून चालतं. आणि मूळ वाक्य मागितलं की तुम्हाला पीडीएफमध्ये शोधून दोन मिनिटांत पडताळता येतं. शिष्यवृत्तीची मुदत चुकली तर वर्षाची फी खिशातून जाते, तेव्हा ही दोन मिनिटं वाचवू नका.

मराठी पीडीएफची एक खोच सांगतो. जुने सरकारी कागद बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतात, जुन्या फॉन्टमध्ये असतात. कॉपी करून पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा येतो. तो चिवडा एआयला दिला तर ते अंदाजाने अर्थ लावायला बघतं, आणि अंदाज तर आपल्याला नकोच आहे. पेस्ट केल्यावर आधी स्वतः वाचा. चिवडा दिसला तर पानाचा स्पष्ट फोटो किंवा स्क्रीनशॉट द्या, आणि आधी मजकूर आहे तसा टाइप करून मागा. तो ताडून बघा, विशेषतः आकडे. मराठी १ आणि ९ फोटोत सहज गंडतात.

"बरोबर आहे ना?" असं विचारू नका

ही एआयची सवय तुम्हीही पाहिली असेल. "माझा बिझनेस प्लॅन भारी आहे ना?" हो, अप्रतिम! "नाही, मला वाटतं यात गडबड आहे." हो, तुमचं बरोबर आहे, यात गडबड आहे! माणसांना आवडेल असं बोलायला शिकवल्याचा हा परिणाम. तुम्ही ज्या बाजूला झुकाल तिकडे ते झुकतं.

म्हणून प्रश्नात तुमचं उत्तर घालू नका. "नोकरी सोडून एमपीएससी करणं योग्य आहे ना?" याऐवजी: "माझं वय २५, घरात मी एकटाच कमावता, दोन लाख शिल्लक, महिन्याचा घरखर्च १८ हजार. नोकरी सोडून पूर्णवेळ तयारी, आणि नोकरी करत तयारी, या दोन्ही पर्यायांत काय बिघडू शकतं ते सांग. कुठला निवडायचा ते सांगू नकोस." निर्णय तुमचाच राहू दे. दोन लाखांत १८ हजारांनी किती महिने निघतील हेही स्वतः भागाकार करून बघा. अकरा महिने आणि वर थोडे. हा आकडा समोर आला की पुढचा विचार आपोआप सुरू होतो.

भराभर चार गोष्टी

आता चार छोट्या गोष्टी.

एक. एका वेळी एक काम. "रिझ्युमे बनव, कव्हर लेटर लिही, इंटरव्ह्यूचे प्रश्न काढ आणि लिंक्डइनचं प्रोफाइलही सुधार" असं एका दमात सांगितलं की चारही कामं अर्धवट होतात. आधी रिझ्युमे, तो पटला की पुढचं.

दोन. खूप मोठा मजकूर द्यायचा असेल तर आधी मजकूर, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी लिहा. लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातली माहिती मॉडेलकडून जास्त निसटते, असं २०२३ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. मॉडेल सुधारतायत, पण ही सवय फुकट आहे. आणि चॅट फार लांबलं, उत्तरं भरकटायला लागली, की भांडत बसू नका. नवीन चॅट उघडा आणि आत्तापर्यंत पक्कं झालेलं तेवढं तिथे लिहा.

तीन. उत्तर आवडलं नाही तर "परत लिही" म्हणू नका, ते पुन्हा अंदाजच करेल. काय आवडलं नाही ते सांगा. "दुसरा परिच्छेद ठेव. पहिला काढ. 'नम्रपणे कळवू इच्छितो' ऐवजी थेट मुद्द्याने सुरुवात कर."

चार. आधार नंबर, पॅन, खातं क्रमांक, ओटीपी, मैत्रिणीचा मेडिकल रिपोर्ट तिला न विचारता, यातलं काहीही टाकू नका. पत्रात नंबर लागणारच असेल तर तिथे "खाते क्रमांक" असं लिहून ठेवा आणि शेवटी स्वतः भरा. डिपॉझिटच्या उदाहरणातही आम्ही काकांचं नाव आणि पत्ता टाकला नव्हता. एआयला त्याची गरजही पडली नाही.

आणि हो, "टप्प्याटप्प्याने विचार कर" ही ओळ लिहायची का, असं बरेच जण विचारतात. २०२२ मध्ये संशोधकांना दिसलं, की एवढी एक ओळ टाकली तरी गणितासारख्या कामांत उत्तरं सुधारतात. तेव्हा तिचा फार बोलबाला झाला. आता बरीच मॉडेल्स हे न सांगता करतात. लिहिली तर नुकसान नाही, पण तिच्या भरवशावर बाकीची माहिती द्यायची टाळू नका.

या आठवड्याचं काम

आता ऐकून सोडून देऊ नका. प्रत्येकाचं एकतरी काम अडलेलं असतं. कुणाचं डिपॉझिट, कुणाचा पीएफ, कुणाचं कॉलेजकडून न मिळालेलं टीसी. त्यातलं एक घ्या. फोन बाजूला ठेवा, कागदावर सहा ओळी लिहा: मी कोण, कुणाला सांगायचंय, आत्तापर्यंत तारखांसकट काय झालं, नक्की काय हवंय, काय नकोय, आणि कागदावर जाणार की व्हॉट्सॲपवर. सातवी ओळ: "काही कमी पडत असेल तर आधी मला विचार." मग ते टाइप करा.

कधी कधी असंही होईल, की सहा ओळी लिहून झाल्यावर लक्षात येतं, हाच तर मेसेज आहे, एआय लागलंच नाही. तसा पाठवून टाका, काही बिघडत नाही.

तुमचा आधीचा प्रॉम्प्ट आणि नंतरचा प्रॉम्प्ट मला पाठवा. नावं, नंबर काढून पाठवा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन एकत्र दुरुस्त करू. आणि ज्याचं डिपॉझिट अडकलंय अशा एका तरी मित्राला हा भाग फॉरवर्ड करा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.